डागी ते त्यांचं

४ तारीख, सोमवार

आले एकदाची! ट्रंक, दोन पिशव्या, गुडघ्याचे पट्टे आणि मी, एवढं सगळं सामान लेकीच्या घरी सुखरूप उतरलं. जावई घ्यायला आले होते. गाडीत मी इतकी बोलले, इतकी बोलले, की शेवटी ते म्हणाले, आई, थोडं पाणी प्या, घसा कोरडा पडला असेल. म्हणजे गप्प बसा. मला कळतं हो सगळं. पाणी प्यायले आणि पुन्हा सुरू केलं.

आता कायमची इथेच. लेकीने मला मागची खोली दिली आहे. खिडकी उघडली की बाग. पलंग मऊ, उशी कडक, भिंतीवर कॅलेंडर. ही वहीही तिनेच दिली. ती दवाखान्यात नर्स, जावई पाणीखात्याच्या कचेरीत, दोघंही दिवसभर बाहेर. म्हणाली, आई, तू भिंतीशी बोलत बसशील, त्यापेक्षा लिही. माझं शिक्षण अक्षरओळखीपुरतं, जोडाक्षर आलं की गाडी अडखळते. नातीने सांगून ठेवलंय, आज्जी, चुकलं तर मी लाल पेनने दुरुस्त करीन.

नातीला सगळे भिंगरी म्हणतात. उभी म्हणून राहत नाही. पुढचे दात पडलेत, त्यामुळे बोलताना वारा सुटतो. शाळेला सुट्टी लागली आहे, म्हणजे दिवसभर ती आणि मी. आल्या आल्या माझ्या मांडीवर अशी काही आदळली की गुडघा कळवळला. दणकट आहे पोर. देवाने सुख द्यायचं म्हटलं की किती द्यावं!

५ तारीख, मंगळवार

बाग म्हणजे जावयांचा जीव. काठ्यांना बांधलेले टोमॅटो, जाळीवर काकडी, कुंपणाकडे भोपळा, एक पेरू, एक अंजीर. सकाळी चहा घेऊन ते झाडाझाडाशी जाऊन उभे राहतात, दवाखान्यातले मोठे डॉक्टर फेरीला निघाल्यासारखे.

पण एक गोष्ट माझ्या जिवाला लागली. पक्ष्याने टोचलेला पेरू, तडकलेला टोमॅटो, खार अर्धं खाऊन गेलेलं अंजीर, सगळं ते कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकतात. मी म्हटलं, अहो, टाकता कशाला? ज्यांनी टोचलंय त्यांनाच वाढा की. ते हसले. म्हणाले, बरोबर आहे तुमचं, पिकून फुटलेल्या फळावर फुलपाखरंही येतात. बघा करून.

मग कुंपणाजवळचा चपटा दगड धुतला. जावयांनी बजावलं ते लिहून ठेवते. बुरशी आलेलं ठेवायचं नाही. औषध मारलेलं ठेवायचं नाही. उरलेलं संध्याकाळी उचलायचं. आणि दगड घरापासून लांबच असू द्यायचा.

पहिलं ताट मी मांडलं. टोमॅटो फोडून ठेवला, पेरूची टोचलेली बाजू वर केली. मग मोठ्याने सांगितलं, ऐका रे सगळे, डागी ते तुमचं, चांगलं ते आमचं. झाडावर चोच मारायची नाही. भिंगरी पोट धरून हसली. म्हणाली, आज्जी, तू त्यांना शाळेसारखं सांगतेस.

९ तारीख, शनिवार

काय सांगू, काय सांगू! दगडावर नुसती पंगत बसली आहे. बुलबुल येतात, खार येते, गांधीलमाशा येतात, मधमाशा टोमॅटोच्या चिरेत डोकं घालून बसतात. आणि फुलपाखरं! तपकिरी, डोळ्यासारखे ठिपके असलेली. सडक्या अंजिरावर बसतात आणि तोंडातली गुंडाळलेली बारीक दोऱ्यासारखी सोंड उलगडून आत घालतात. हलत नाहीत. माझं बोट अगदी जवळ नेलं तरी उडत नाहीत.

मी आणि भिंगरी पायरीवर बसून सगळ्यांना नावं ठेवतो. एक बुलबुल मुख्याध्यापक आहे. खार उशिरा येते म्हणून तिला पट्टीचा मार ठरला आहे.

१२ तारीख, मंगळवार

जावई आज भारीच खूश. पूर्वी काकडीची फुलं नुसतीच गळून जायची. आता मधमाश्या वळल्यात तर एकेका फुलामागे काकडी धरते आहे. भोपळाही धरला. मला म्हणाले, आई, तुमचा पायगुण. मी फुगले ना! लेक म्हणाली, आईला एवढं चढवू नका, मग ती खाली उतरत नाही.

शेजारच्या शिंपीणबाईही कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, तुमच्या दगडावर हॉटेलापेक्षा गर्दी आहे हो, आम्हाला कधी बोलावताय?

एक केलंय ते इथे लिहून टाकते. दगड हलवला. कुंपणापर्यंत जायला गुडघा दुखतो आणि पलंगावरून दिसत नाही, म्हणून पाणी घालायला येणाऱ्या माळ्याकडून माझ्या खिडकीखाली आणवला. जावयांना सांगितलं नाही. लांब ठेवा म्हणाले होते, पण किती लांब ते कुठे म्हणाले होते?

१६ तारीख, शनिवार

आता गंमत बघा. दगडावर पोट भरतं म्हणून पाखरं झाडाला तोंड लावत नाहीत. सगळी फळं कशी तुकतुकीत, एकाला ओरखडा नाही. जावई हरखलेत. पण मग दगडावर ठेवू काय?

सकाळी रिकामा दगड बघून सगळे जमले. बुलबुल ओळीने तारेवर. फुलपाखरं खिडकीच्या काचेवर पंख मिटून. गडबड नाही, आवाज नाही. नुसते माझ्याकडे तोंड करून बसलेले. पाहुणे पानावर बसलेत आणि आपण स्वयंपाकच केला नाही, असं झालं मला.

मग बागेत गेले. एक चांगला टोमॅटो घेतला, लालबुंद. अंगठ्याचं नख त्यात रुतवलं. चंद्राच्या कोरीसारखी खूण उठली, रस आला. दगडावर ठेवून म्हटलं, घ्या, हा डागी आहे. तुमचा.

खोटं बोलले. पाखरांशीच, पण खोटंच ना? त्यांनी मात्र असा ताव मारला! मला बरं वाटलं. वाटायला नको होतं.

१८ तारीख, सोमवार

वाईट झालं. फार वाईट झालं.

शनिवारपासून मी रोज टोमॅटो, पेरू, काकडी, दिसेल त्याला नख लावते आहे. आज दगडावरचा पेरू उचलायला गेले. दिसायला अख्खा. गोल, हिरवा, देठ जागेवर. हातात घेतला तर वजनच नाही. नखाच्या खुणेतून आतलं सगळं नेलंय, साल तेवढी उभी. फुंकर मारली तर घरंगळत गेला. हे कोण करतं? बुलबुलाच्या चोचीचं हे काम नव्हे.

पण वाईट झालं ते हे नव्हे. झाडावरही मी काही फळांना आधीच खुणा करून ठेवल्या होत्या, म्हटलं उद्याला होतील. त्या जावयांना दिसल्या. नखाच्या खुणा आहेत हे त्यांनी ओळखलं. खारीला असं नख नसतं. त्यांनी भिंगरीला हाक मारली.

ती म्हणाली, बाबा, मी नाही केलं. ते म्हणाले, मग कोणी केलं, आज्जीने? आणि माझ्याकडे बघून हसले.

मीही हसले.

ती ओरडून सांगत होती, मी नाही, मी नाही. त्यांनी तिच्या हातावर चापट मारली. फळांना नखं लावल्याची नव्हे, खोटं बोलल्याची. लेक म्हणाली, बघ आज्जीला किती वाईट वाटतंय. मी हातातल्या कपातला गार चहा पीत बसले. एवढी बोलणारी मी. जन्मात कधी शब्द कमी पडला नाही आणि आज एक वाक्य निघेना.

१९ तारीख, मंगळवार

दोघं कामावर गेल्यावर भिंगरीला जवळ घेतलं आणि खरं सांगून टाकलं. रागावली नाही गं! डोळे मोठ्ठे करून म्हणाली, आज्जी, तू? आणि टाळ्या पिटत हसली. म्हणाली, मी नाही सांगणार कुणाला. लेकराने मला माफ करून टाकलं, आणि मी ते घेतलंही.

मग म्हणाली, मला पण शिकव. तिचं नख एवढंसं, टोमॅटोवर उठेना. रुसली. म्हणाली, मग माझ्यावर कर. गाल पुढे केला. मी लाडात येऊन अंगठ्याचं नख हलकेच दाबलं. हलकेच हो. कोर उठली. ती उड्या मारत खिडकीशी गेली आणि ओरडली, आज्जी, आता ते म्हण. म्हण ना.

मी म्हटलं. हसत हसत म्हटलं. ही पण तुमची.

बाहेर सगळे एकदम गप्प झाले.

२१ तारीख, गुरुवार

गालावरची खूण गेली नाही. इतकुसं दाबलं होतं. तासाभरात जायला हवी होती. लेकीने विचारलं, काय गं हे? भिंगरीने माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, खेळताना लागलं. माझ्यासाठी खोटं बोलली. न बोललेल्या खोट्यासाठी सोमवारी तिने मार खाल्ला होता.

लेकीने मलम लावलं. म्हणाली, किरकोळ आहे.

दगडावर आज खरोखरचं तडकलेलं फळ ठेवलं, नख न लावलेलं. कुणी शिवलं नाही. मुंगीसुद्धा नाही.

२३ तारीख, शनिवार

दुपारी भिंगरी पायरीवर बसली होती. बसली होती म्हणजे खरंच बसली होती, हलत नव्हती. मी म्हटलं, आज भिंगरी थांबली कशी? जवळ गेले.

तिच्या गालावर फुलपाखरं होती. पंखाला पंख लावून, खुणेभोवती. सोंडा आत. रक्त नाही, काही नाही. ती हसत होती. म्हणाली, आज्जी, गुदगुल्या होतात.

मी टॉवेलने झटकलं. उडाली नाहीत. हाताने एकेक ओढून काढली. प्रत्येक ओढताना सोंड लांब, लांब, लांब येत होती.

दगड माळ्याकडून कुंपणाबाहेर टाकवला. खिडकी लावली. लेकीला सांगणार होते. जेवताना तोंड उघडलं आणि म्हटलं, मीठ द्या.

२६ तारीख, मंगळवार

भिंगरीला उचलून घेतलं. गुडघा दुखला नाही.

गुडघा दुखला नाही याचा आधी मला आनंद झाला. मग कळलं.

तोंड तेच, हात तेच, गाल भरलेले. पण हातात घेतलं तर कपडे वाळत घालायला उचलावेत तशी. मांडीवर घेतली तर मांडीला कळेना. मी विचारलं, बाळा, तुला बरं नाही का? म्हणाली, छान वाटतं आज्जी, पाय दुखतच नाहीत. आवाज रिकाम्या माठातून आल्यासारखा.

खिडकीच्या फटीतून येतात. दाराखालून येतात. बोळे घातले, तेही काढतात. आता मधमाश्याही.

२७ तारीख, बुधवार

शिंपीणबाई फ्रॉकचं माप घ्यायला आल्या. भिंगरीला वळवायला खांद्याला हात लावला तर ती गिरकी घेत भिंतीपर्यंत गेली. शिंपीणबाई म्हणाल्या, माप तेच आहे हो, पण पोरीत काही नाही. मग स्वतःच चपापल्या. टेप तिथेच टाकून गेल्या.

संध्याकाळी मीच मागे लागले म्हणून लेकीने तिला वजनाच्या काट्यावर उभं केलं. काटा जागचा हलला नाही. लेकीने काट्यावर दोनदा चापट मारली. म्हणाली, बिघडला वाटतं, नवा आणायला हवा.

नर्स आहे ती. रोज माणसांना उचलून इकडून तिकडे ठेवते. पण स्वतःच्या पोरीला उचलून बघितलं नाही. मी म्हटलं नाही की बघ. का म्हटलं नाही?

कारण मग ती विचारेल, आई, कधीपासून?

२८ तारीख, गुरुवार

सांगितलं. सगळं. दगड, नख, टोमॅटो, मार, गाल. लेकीचे पाय धरले. तिने मला उठवलं, पाणी दिलं, माझी नाडी बघितली. म्हणाली, आई, जागा बदलली की या वयात होतं असं. जावई तर गहिवरले. म्हणाले, आई, तुम्ही नातीला वाचवायला खुणांचा आळ स्वतःवर घेताय. किती जीव लावता हो.

मी खरं बोलले, त्याचंही कौतुकच झालं माझं.

गोळी दिली. झोपा म्हणाले. भिंगरी दाराशी उभी होती. पंख्याचा वारा लागला की मागे सरकत होती.

२९ तारीख, शुक्रवार

दोघं कामावर गेली. भिंगरीला पलंगावर निजवलं. वर गोधडी, गोधडीवर माझी ट्रंक कडेला. उडू नये म्हणून. खिडकी लावली. कडी लावली.

मी बाहेर आले. दगड परत खिडकीखाली आहे. मी आणला नाही. माळी म्हणतो त्यानेही नाही.

त्यावर बसून लिहिते आहे.

हातांना नख लावलं. कोपरापासून मनगटापर्यंत. गालाला, गळ्याला. म्हातारी कातडी, खूण धरत नाही. जोर लावला तेव्हा धरली. मोठ्याने म्हटलं — मी डागी. मी तुमची. ती चांगली आहे, तिला सोडा —

आले. तार भरली. कुंपण भरलं. झाडं तपकिरी झाली. पंख मिटून सगळे माझ्याकडे —

एक मनगटावर बसलं. सोंड काढली. घातली.

काढून घेतली.

दुसरं. तेही तसंच. जीभ भाजल्यासारखे उडतात — नको त्यांना. पिकलेलं, डागी, ते आता नको. चांगल्याची चव मी — माझ्याच हाताने —

सगळे उठले. एकदम. ऊन गेलं. खिडकीकडे —

कडी आतून आहे. मी लावली होती. आता काढल्याचा आवाज. ती स्वतःच —

नको गं बाळा. नको उघडू —

उघडली.

आता शांत. किती वेळ शांत. काचेला पंखांची धूळ.

भिंगरी बाहेर आली. खिडकीतूनच. उडी मारली नाही, उतरली. गवतातून येते आहे. गवत वाकत नाही. फ्रॉक भरलेला, गाल भरलेले, हसते आहे. पडलेल्या दातांच्या जागेतून पलीकडचं ऊन दिसतं —

समोर उभी आहे. हात वर केलेत. म्हणते, आज्जी, उचल.

वारा सुटलाय. आत्ता धरली नाही तर —

वही ठेवते. दोन्ही हात लागतील ना. पोर दणकट आहे, दोन्ही हात ला